गाडीच्या तोंडावरचे किडे

१. प्रश्न काय आहे?

नागपूरहून दुपार कलताना निघालेली गाडी समृद्धी महामार्गावरून रात्री छत्रपती संभाजीनगरजवळच्या सावंगीला उतरते, तेव्हा तिचा पुढचा भाग ओळखू येत नाही. बंपरवर पिवळट-हिरवट फराटे, नंबरप्लेटवर काळे ठिपके, बॉनेटच्या कडेला अडकलेले पंख, हेडलाइटवर भुंगेऱ्यांच्या टणक कवचांचे तुकडे. दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरवर मालक हमखास विचारतो, “असं काही लावता येईल का, की हे किडे चिकटणारच नाहीत?”

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे, कारण हे गाड्यांचं गाव आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या खरेदीदारांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. त्यात भर पडली वेगाची. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता पूर्ण झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. जालना रोडवरच्या गर्दीत ज्या गाडीला चाळीसच्या पुढं जाता येत नाही, तीच गाडी सावंगीच्या पुढं तिप्पट वेगानं पळते आणि तिच्या तोंडावर किड्यांचा थर जमू लागतो.

मालकाच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर ‘नाही’ असंच आहे. किडा अजिबात चिकटू न देणारा लेप बाजारात मिळत नाही. मात्र चिकटलेला किडा सहज सुटावा आणि त्यानं रंग खाऊ नये, याची व्यवस्था करता येते. ती कशी, हे समजण्यासाठी आधी किडे, मग हवा, मग रंग अशा क्रमानं जावं लागेल.

२. हे किडे येतात कुठून?

बंपरवरचा थर वर्षभर सारखा नसतो. तो शेतीच्या आणि पावसाच्या वेळापत्रकानं बदलतो.

मेअखेर किंवा जूनमध्ये वळवाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात. संध्याकाळी अंधार पडता पडता ते उडतात आणि कडुलिंब, बाभूळ अशा झाडांवर पाला खायला आणि मीलनासाठी जमतात. रस्त्याच्या कडेला नेमकी हीच झाडं असतात. याच दिवसांत वाळवीच्या वारुळांतून पंख फुटलेले किडे थव्यानं बाहेर पडतात. त्यांचं शरीर चरबीनं भरलेलं असतं, म्हणून काचेवर ते फुटले की वायपर फिरवताच धूसर, तेलकट पडदा तयार होतो.

पावसाळा स्थिरावला की पतंगांची पाळी येते. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या पट्ट्यात मका भरपूर. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली आणि पुढच्या काही हंगामांतच मक्याची मोठी शत्रू ठरली. शेतकऱ्याला तिची अळी दिसते. वाहनचालकाला भेटतो तो तिचा पतंग, कारण तो रात्रीच उडतो. कपाशीवरच्या बोंडअळ्यांचे पतंगही निशाचरच. शेतात प्रकाश सापळे लावून हेच पतंग पकडतात आणि त्यांच्या संख्येवरून किडीचा अंदाज बांधतात. शेताला लागून जाणाऱ्या रस्त्यावर गाडीही नकळत एक सापळाच होते.

पाण्याजवळची गोष्ट निराळी. मोठ्या, उथळ जलाशयांच्या गाळात चिलटांच्या अळ्या वाढतात. प्रौढ चिलटं तिन्हीसांजेला थव्यानं हवेत तरंगतात. चावत नाहीत, पण पैठणच्या बाजूला नाथसागराजवळून दुचाकीवर जाणाऱ्याला हेल्मेटची काच खाली घ्यावीच लागते. मोटारीवर ती मोहरीएवढे काळे ठिपके सोडतात.

हिवाळ्यात थंडी वाढली की उडणं कमी होतं. किड्यांचं शरीर बाहेरच्या तापमानानुसार गरम-थंड होतं आणि गार स्नायूंनी पंख हलत नाहीत. म्हणून जानेवारीच्या पहाटे नागपूरहून निघालेली गाडी बरीच स्वच्छ येते. सप्टेंबरातल्या दमट रात्री निघालेली गाडी मात्र माखून येते.

३. दिव्यामुळे किडे गाडीवर येतात का?

हा समज फार पक्का आहे. काही जण त्यासाठी हेडलाइटचे बल्बही बदलतात.

किडे दिव्याभोवती का फिरतात, याचं पटणारं स्पष्टीकरण अगदी अलीकडे मिळालं. सॅम फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उड्डाण टिपलं आणि त्यावरचा शोधनिबंध जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. कोट्यवधी वर्षं रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ राहिलं आहे. त्यामुळे उडताना पाठ उजेडाकडं ठेवली की आपण सरळ आहोत, हे किड्याला उपजतच कळतं. जमिनीजवळ दिवा लागला की तो दिव्याकडं पाठ करायला वळतो, पुन्हा वळतो आणि दिव्याभोवतीच अडकून राहतो.

पण या गोंधळासाठी वेळ लागतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. हेडलाइटचा खालचा झोत ६० मीटरपर्यंत पोहोचतो असं धरलं, तरी उजेडात आल्यापासून गाडी अंगावर येईपर्यंत किड्याच्या हाती दोन सेकंदही नसतात. महामार्गावर बहुतेक किडे गाडीकडं येत नाहीत. गाडीच त्यांच्यावर जाते. बल्ब बदलून या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

दिव्याचा खरा परिणाम होतो तो थांबल्यावर. टोलनाका, पेट्रोलपंप किंवा ढाब्यावरच्या मोठ्या दिव्यांखाली पावसाळ्यात किड्यांची नुसती झुंबड असते. तिथं गाडी दिव्याच्या थेट खाली न लावता थोडी अंधाऱ्या बाजूला लावली, तर बॉनेटवरचे निम्मे उपद्व्याप टळतात.

४. शंभर किलोमीटरची हवा

मध्यम आकाराच्या मोटारीचा समोरून दिसणारा भाग सुमारे २.२ चौरस मीटर असतो. ती १०० किलोमीटर गेली, तर तिनं किती हवा बाजूला सारली?

१,००,००० मीटर गुणिले २.२ चौरस मीटर म्हणजे २,२०,००० घनमीटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे जवळपास पावणेआठ हजार खोल्या. आता हवेत किडे अगदी विरळ आहेत असं मानू, दर हजार घनमीटरला फक्त एक. तरीही त्या शंभर किलोमीटरांत गाडीच्या वाटेत २२० किडे येतील. शेतालगत, दमट रात्री ही संख्या किती वाढेल, हे सांगायला नको.

या हिशेबात वेग कुठंच आलेला नाही, हे लक्षात घ्यावं. गाडी सावकाश गेली काय किंवा जोरात, तेवढ्याच अंतरात ती तेवढीच हवा कापते. मग वेगात जास्त किडे का चिकटतात?

कारण वाटेत आलेला प्रत्येक किडा गाडीवर आदळत नाही. गाडीच्या पुढं हवा दुभंगते, वर आणि बाजूंना वळते. हलकं चिलट त्या प्रवाहाबरोबर वाहून जातं. जड भुंगेरा वळू शकत नाही, तो सरळ येऊन आदळतो. वेग वाढला की हवेला वळण अधिक झटक्यात घ्यावं लागतं आणि एरवी वाहून गेले असते असे मध्यम किडेही सुटू शकत नाहीत. बंपर, नंबरप्लेट, आरशांची पुढची बाजू आणि बॉनेटची पुढची कड यांवर सर्वांत दाट थर का असतो, हेही यातून कळतं. तिथं पृष्ठभाग जवळजवळ उभा असतो. तिरप्या काचेवरून हवा वर सरकते, म्हणून काचेवर तुलनेनं कमी. उभ्या, सपाट तोंडाच्या एसटीची काच मात्र मोटारीच्या काचेपेक्षा जास्त भरते.

दुसरं कारण आघाताचं. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी १२०चा वेग म्हणजे वेग दीडपट आणि ऊर्जा सव्वादोनपट. ६० ऐवजी १२० म्हणजे थेट चौपट.

दशांश ग्रॅम वजनाचा एक पतंग घेऊ. ताशी १२०च्या गाडीवर आदळून तो एका सेंटीमीटरच्या आत थांबतो. गणित केलं तर त्या क्षणी त्याच्या देहावर सरासरी साडेपाच न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडा जास्त भार येतो. हा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साडेपाच हजार पट आहे. एवढ्या भारानं त्याचं शरीर नुसतं फुटत नाही. आतला द्रव रंगाच्या प्रत्येक बारीक ओरखड्यात दाबून भरला जातो.

म्हणून सर्वांत स्वस्त उपाय ॲक्सिलरेटरवरच्या पायात आहे. संभाजीनगर ते जालना हे सुमारे ६० किलोमीटरचं अंतर १२०नं अर्ध्या तासात आणि ८०नं पाऊण तासात होतं. पावसाळ्यात सूर्यास्तानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत, म्हणजे किड्यांची वर्दळ सर्वाधिक असते तेव्हा, पंधरा मिनिटं जास्त दिली तर आघात निम्म्याहून कमी होतो.

५. चिकटतं ते नेमकं काय?

किड्याला आपल्यासारखं लाल रक्त नसतं. त्याच्या शरीरभर एक द्रव खेळतो. प्राणवायू वाहून नेण्याचं काम या द्रवाकडं नसल्यामुळे त्यात तांबडं हिमोग्लोबिन नसतं. तो फिकट पिवळा, हिरवट किंवा रंगहीन असतो. बंपरवर लाल डाग दिसला, तर बहुधा तो कोणाचं तरी रक्त पिऊन आलेल्या डासाचा असतो किंवा माशीच्या डोळ्यांतल्या लाल रंगद्रव्याचा.

या द्रवात पाणी, प्रथिनं, साखर आणि स्निग्ध पदार्थ असतात. कवचाला जखम झाली तर ती तातडीनं बुजावी, यासाठी त्यात गोठण्याची सोय असते. हवा लागताच द्रव घट्ट होऊ लागतो, काळपट पडतो. जिवंत किड्याचा जीव वाचवणारी हीच व्यवस्था बंपरवर डिंकाचं काम करते. वर कवचाचे तुकडे. ते ज्या कायटिनचे बनलेले असतात, ते पाण्यात विरघळत नाही.

पुढचं काम ऊन करतं. पाणी उडतं, प्रथिनांचे धागे उष्णतेनं उलगडून एकमेकांत गुंततात आणि थर रंगाला घट्ट धरून बसतो. रात्री अकरा वाजता ओल्या फडक्यानं निघणारा डाग दुसऱ्या दिवशी दुपारी नखानंही निघत नाही.

६. रंगाला इजा कशी होते?

गाडीचा रंग म्हणजे एकावर एक दिलेले चार थर. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग दिसणारा रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. चमक असते ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. किड्याची लढाई होते ती याच थराशी.

ही इजा दोन वाटांनी होते. पहिली आम्लाची. किडा कुजू लागला की आम्लं तयार होतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मे आणि सप्टेंबर या महिन्यांत ‘लव्हबग’ नावाच्या जोडीनं उडणाऱ्या माश्यांचे लोट रस्त्यांवर येतात. आम्लता मोजण्याच्या पी-एच या मापावर ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, आणि आकडा जितका खाली तितकं आम्ल तीव्र. ताज्या लव्हबगचा पी-एच ६.५च्या आसपास असतो, गाडीवर एक दिवस राहिल्यावर तो ४.२५पर्यंत उतरतो. या मापावर एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे एका दिवसात ती शंभरपटीहून अधिक वाढली.

दुसरी वाट उन्हाची. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा काळा पत्रा ७० अंशांपर्यंत तापतो. क्लिअर कोट थोडा मऊ होतो, फुगतो. वरचा किड्याचा थर मात्र वाळून आक्रसतो. संध्याकाळी पत्रा गार झाला की त्या आक्रसलेल्या थराखालची चमक ओढल्यासारखी दबते. किडा काढल्यावरही त्याच्या आकाराचा फिकट डाग राहतो. वरवरचा डाग पॉलिशनं जातो, पण खोल गेलेला खड्डा काढायचा तर क्लिअर कोट घासून पातळ करावा लागतो, आणि तो मुळात केसापेक्षा पातळ.

म्हणजे संभाजीनगरकराला खरी घाई करायची आहे ती किडा चिकटल्यापासून पुढच्या दिवशीचं ऊन चढेपर्यंत.

७. लेप काय करतात आणि काय नाही?

अळूच्या पानावर पाणी ओतलं तर त्याचे मोती होऊन घरंगळतात. पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. पाण्याचा थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो, पानाला फारसा टेकतच नाही आणि जाताना धूळ घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानावरची हीच करामत सविस्तर मांडली आणि तेव्हापासून स्वतःच स्वच्छ होणारे पृष्ठभाग बनवण्याची शर्यत लागली.

मग गाडीला अळूचं पान का बनवू नये? अडचण अशी, की अळूवर पाणी अलगद पडतं आणि बंपरवर किडा ताशी १२०नं. त्याचा द्रव उंचवट्यांच्या मधल्या फटींत घुसतो आणि तिथंच गोठतो.

विमान कंपन्यांनाही हा प्रश्न छळतो. पंखांच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे हवेचा गुळगुळीत प्रवाह बिघडवतात आणि इंधन जास्त जळतं. अमेरिकेच्या नासानं २०१५ मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट इथून बोइंग ७५७ विमान उडवून पाच लेपांची परीक्षा घेतली. त्यातल्या सर्वांत चांगल्या लेपानं किड्यांची संख्या आणि राहिलेला चिकटा सुमारे ४० टक्क्यांनी कमी केला. अवकाशात यान पाठवणाऱ्या संस्थेला ४० टक्के जमले, तेव्हा दुकानातली बाटली शंभर टक्क्यांचं वचन देत असेल तर गिऱ्हाइकानं सावध व्हावं.

तरीही लेप निरुपयोगी नाहीत. ते चिकटा आणि रंग यांच्यामध्ये उभे राहतात, ओरखडे भरतात आणि डागाची पकड सैल करतात.

मेण, म्हणजे वॅक्स, सर्वांत जुनं आणि स्वस्त. चांगल्या वॅक्समध्ये ब्राझीलच्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण असतं. आम्ल आधी त्याला खातं, रंगाला नंतर. मात्र कडक उन्हात आणि वारंवारच्या धुण्यात ते काही आठवड्यांतच झिजतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा सप्टेंबरात लावणं सोयीचं. निदान बंपर, बॉनेटची कड आणि आरसे एवढ्याला तरी.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकावर आधारित द्रव. तो रंगावर सुकून पातळ, टणक थर बनतो आणि वॅक्सपेक्षा पुष्कळ टिकतो. यावरचा किडा कमी मेहनतीत निघतो. पण दोन दिवस उन्हात सोडला तर डाग इथंही पडतो, आणि ‘कोटिंग केलंय’ या भरवशावर बरेच जण नेमके तेच करतात.

पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे क्लिअर कोटच्या तिप्पट-चौपट. किडा काय खायचा ते फिल्मला खातो, रंग सुरक्षित राहतो, आणि फिल्म खराब झाली तर बदलता येते. तिन्हींत ही सर्वांत महाग. परंतु संपूर्ण गाडीला लावायची गरज नसते. महामार्गावर रोज धावणाऱ्यानं फक्त पुढच्या भागाला लावली तरी हेतू साधतो.

राहिले घरगुती लेप. बंपरला खोबरेल चोळल्यास किडा तेलावर बसतो आणि सहज निघतो, हे खरं. पण मराठवाड्याच्या धुळीत तासाभरात त्या तेलावर मातीचा थर बसतो आणि पुसताना तो सॅंडपेपरसारखा फिरतो. रॉकेल आणि डिझेल तर लावूच नये, ते रबर आणि प्लास्टिक खराब करतं.

८. जाळी, पट्टी आणि गार्ड

बॉनेटच्या पुढच्या कडेला बसवायची वक्र प्लास्टिकची पट्टी परदेशात बरीच दिसते. ती हवा वर ढकलते आणि त्याबरोबर हलके किडेही काचेवरून निघून जातात. जड भुंगेऱ्यांवर तिचा परिणाम होत नाही आणि बंपर तर तिच्या खाली उघडाच राहतो. शिवाय पट्टी आणि पत्रा यांच्यात साचणारी धूळ रंग घासते.

रेडिएटरच्या पुढं जाळी लावण्याची पद्धत ट्रक आणि ट्रॅक्टरवाल्यांमध्ये जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या बारीक पात्यांमध्ये किडे, कापसाचे तंतू, भुसा अडकला की हवा खेळत नाही. मग एसी गार करत नाही आणि इंजिनाचं तापमान चढतं. पण मच्छरदाणीइतकी बारीक जाळी लावली तर ती स्वतःच हवा अडवते आणि मे महिन्यात गाडी तापायचं निमित्त होते. मोकळ्या विणीची, सहज काढून धुता येणारी जाळी असेल तरच ती लावावी. पाती साफ करताना पाण्याचा दाब कमी ठेवावा आणि शक्य असेल तर आतून बाहेर, म्हणजे किडा ज्या दिशेनं आला त्याच्या उलट मारावं. जोराच्या फवाऱ्यानं पाती मुडपतात.

लोखंडी गार्ड लावून त्यावर जाळी ताणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा असल्याचं सांगून राज्यांना कारवाई करायला कळवलं. टकरीत असा गार्ड पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो.

नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा रडार बंपर किंवा ग्रिलमागं असतो आणि कॅमेरा काचेच्या वरच्या भागात. यांच्यासमोर किड्यांचा थर बसला की डॅशबोर्डवर इशारा येतो आणि यंत्रणा बंद होते. लांबच्या प्रवासात चहाला थांबल्यावर या दोन जागा पुसून घेणं पुरतं.

९. तीन लिटर पाण्यात

संभाजीनगरला पाणी पैठणजवळच्या जायकवाडीतून उचलून आणावं लागतं आणि अनेक वसाहतींत वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी आलेलं आहे. अशा शहरात ‘रोज पाइपनं गाडी धुवा’ हा सल्ला चालत नाही. पाइपातून मिनिटाला १० लिटर पाणी जातं असं धरलं, तरी दहा मिनिटांत १०० लिटर संपतात.

किड्यांसाठी एवढ्या पाण्याची गरजच नाही. वाळलेला चिकटा जोरानं निघत नाही, भिजून निघतो. त्याला पाण्यापेक्षा वेळ जास्त लागतो.

रात्री घरी आल्यावर पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावं. अर्ध्या बादलीहून कमी, साधारण तीन लिटर कोमट पाणी घ्यावं आणि त्यात कार शाम्पूचे किंवा लहान मुलांच्या सौम्य शाम्पूचे काही थेंब टाकावेत. जुना टॉवेल किंवा सुती साडीचे तुकडे त्यात भिजवून बंपर, नंबरप्लेट आणि बॉनेटच्या कडेवर पसरून ठेवावेत. दहा मिनिटांनी कापड उचलून मऊ मायक्रोफायबरनं एकाच दिशेनं, दाब न देता पुसावं. न निघालेल्या जागी पुन्हा ओलं कापड. शेवटी स्वच्छ पाण्याचा हात फिरवून कोरडं करावं. बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात.

वाळून दगड झालेल्या किड्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या ‘बग रिमूव्हर’ द्रवांपैकी काहींत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. चिकटा प्रथिनांचाच असल्यामुळे ती उपयोगी पडतात, पण तीही पत्रा गार असताना आणि वाळण्याआधी धुऊन टाकायची.

काय करू नये, याची यादी छोटी आहे. भांड्यांची घासणी वापरू नये, ती क्लिअर कोटवर कायमचे ओरखडे पाडते. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वॅक्स काढून टाकतात. लिंबू किंवा व्हिनेगर म्हणजे आम्लावर आणखी आम्ल. हेडलाइटची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. त्यावरचं संरक्षक आवरण घासलं गेलं की दिवे पिवळट आणि अंधूक होतात.

पुढच्या काचेवर किडा फुटला तर कोरडा वायपर चालवू नये. तो चिकटा पसरवतो आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड त्या पडद्यावर फाकून काही क्षण रस्ताच दिसेनासा होतो. आधी फवारा, दोन-तीन सेकंद थांबणं, मग वायपर. फवाऱ्याच्या टाकीत नुसत्या पाण्याऐवजी काच धुण्याचा द्रव असला की वाळवीचा तेलकटपणाही सुटतो.

१०. नंबरप्लेट मोजते

हा त्रास कमी होत चालला असेल, तर ती आनंदाची बातमी नाही.

डेन्मार्कमध्ये आन्देर्स पापे म्योलर यांनी १९९७ पासून २०१७ पर्यंत दरवर्षी त्याच दोन रस्त्यांवर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले. एका रस्त्यावर त्यांची संख्या ८० टक्क्यांनी घटली, दुसऱ्यावर ९७ टक्क्यांनी. ब्रिटनमध्ये हजारो चालकांनी प्रवासाआधी नंबरप्लेट पुसून आणि प्रवासानंतर तिच्यावरचे ठिपके मोजून नोंदी पाठवल्या. २००४ आणि २०२१ या वर्षांची तुलना केली तेव्हा ठिपके ५८.५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. बंपरवर मक्याची कीड येते, तशीच फुलांचं परागण करणारे, पक्ष्यांचं आणि वटवाघळांचं अन्न असणारे किडेही येतात. ते घटले तर शेताला त्याची झळ बसते.

ही पद्धत इथंही सहज करता येईल. निघताना नंबरप्लेट पुसायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पोहोचल्यावर ठिपके मोजायचे. सावंगी ते जालना, दर महिन्याच्या एखाद्या संध्याकाळी, साधारण त्याच वेगानं. दोन-तीन वर्षांत वहीत हुमणीचा जून आणि पतंगांचा सप्टेंबर वेगळे दिसू लागतील. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

बाकी गाडीपुरता निकाल स्पष्ट आहे. वर्षातून दोनदा पुढच्या भागाला वॅक्स, पावसाळी संध्याकाळी जरा कमी वेग आणि रात्री झोपण्याआधी बंपरवर दहा मिनिटं ओलं फडकं, एवढं करणाऱ्याला महागडं कोटिंग घेतलं नाही तरी चालतं. हे न करणाऱ्याला मात्र कोणतंही कोटिंग पुरत नाही.